मूळचे कुठले?

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दाराशी उभं राहायची पाळी असते. महिन्यातले दोन रविवार माझे. काम तसं काहीच नाही. गीतांची पुस्तकं काखेत धरून पायरीवर उभं राहायचं, येईल त्याला "सलाम" म्हणायचं, पुस्तक हातात द्यायचं आणि जून ते सप्टेंबर छत्र्यांची बादली कुठं आहे ते दाखवायचं. बेळगावच्या पावसात ही बादली पुस्तकांपेक्षा महत्त्वाची. पत्र्याची आहे, कधीतरी चुना कालवायला आणलेली, आणि जाताना तिच्यातून निदान एकजण तरी दुसऱ्याची छत्री घेऊन जातो.

माझ्या डाव्या हाताला एक आजोबा उभे असतात. पाळीच्या यादीत त्यांचं नाव कधीच नसतं, पण सव्वादहा वाजले की ते तिथं असतातच. पोस्टातून निवृत्त झालेले. पत्त्याशिवायचा माणूस त्यांना चालत नाही. ओळखीचा चेहरा असला तर नुसता हात वर करतात. नवा दिसला की एक पाऊल पुढं येतात आणि विचारतात,

"मूळचे कुठले वो तुम्ही?"

मी कितीदा सांगितलं, आजोबा, आधी आत तरी येऊ दे माणसाला. ते म्हणतात, "मग विचारायला नको काय? न विचारता बसवला तर त्याला काय वाटेल, कुणी विचारलंसुद्धा नाही म्हणेल की."

यातही तथ्य आहे. बेळगावात हा प्रश्न कुणाला चुकलेला नाही. माझे वडील सांगायचे, १ नोव्हेंबर १९५६ ला आमचं घर जागचं न हलता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. चुलीवरचा भात तोच, विहीर तीच, फक्त कागद बदलले. तेव्हापासून इथला मराठी माणूस सारखा सांगत आलाय की आम्ही मूळचे इथलेच. मोर्चात तेच, कचेरीतल्या खिडकीशी तेच, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्यातही तेच. २०१४ साली गावाचं नाव कागदोपत्री बेळगावी झालं तेव्हा आमच्या गल्लीत दोन दिवस दुसरं बोलणं नव्हतं. ज्याला रोज आपलं मूळ सिद्ध करावं लागतं त्याला दुसऱ्याचं मूळ विचारायची खोड लागते, असं मला वाटतं. सासूकडून सुनेकडं जातं तसंच हे.

पण मंडळीत हा प्रश्न नुसता गावाचा नसतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. गाव कळलं, आडनाव कळलं की तिसरी गोष्ट न विचारता कळते. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी लग्न जुळवताना ती तिसरी गोष्ट हळूच टेबलावर येते. आमच्यात तसलं काही नाही हो, असं म्हणतच येते.

माझ्या आज्जीला कुणी "मूळच्या कुठल्या" म्हटलं की ती म्हणायची, "मिरज मिशन." मिशनरी डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उघडला, त्या दवाखान्यात पुढं आज्जीची आई आयाचं काम करायची. आज्जी तिथल्याच आवारात वाढली आणि लग्न होऊन बेळगावला आली. मिरजेच्या आधीचं गाव तिला ठाऊक होतं, पण तिनं ते कधी सांगितलं नाही. मी शाळेत असताना हट्टानं विचारलं होतं. ती तांदूळ निवडत होती. सुपातला खडा बाजूला काढला आणि म्हणाली, "गावाचं नाव सांगितलं की लोक विचारतात, गावात कुठं?" मला तेव्हा काही उमगलं नाही. पुढं कधीतरी, बहुतेक नोकरीला लागल्यावर, ते "गावात कुठं" म्हणजे गावकुसाच्या आत की बाहेर, हे डोक्यात शिरलं. तोवर आज्जी गेली होती.

म्हणून मला हा प्रश्न आवडत नाही. आणि दाराशी उभी राहून मी तो वर्षानुवर्षं ऐकत आले, हेही खरं.

एकदा मी आजोबांना इतिहास ऐकवून गप्प करायचा प्रयत्न केला होता. मी मराठी शाळेतली मास्तरीण, सनावळ्या तोंडपाठ. म्हटलं, १८१८ ला इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला. मग छावणी पडली, तेच आपलं कॅम्प. १८२० ला लंडन मिशनचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून इथं आले. तेव्हा इथल्या ख्रिस्ती लोकांत कोण होते? मद्रासकडच्या पलटणींबरोबर आलेले तमिळ बोलणारे लोक, गोऱ्यांचे नोकरचाकर, गोव्याकडून आलेले. १८३२ ला मिशननं शाळा काढली, तीच आपली बेननस्मिथ. १९०४ ला लंडन मिशननं सगळं काम अमेरिकन मेथडिस्टांच्या हवाली केलं. मिशनरी बाहेरचे, शिपाई बाहेरचे, माझी आज्जी मिरजेची. या गावात भक्ती सुरू झाली ती परक्यांनीच केली की नाही?

आजोबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ते टेलरसाहेब मूळचे कुठले वो?"

२०१७ च्या पावसाळ्यात एका रविवारी तो आला. बारीक, काळासावळा, तिशीच्या आतला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक बारीक डाग. मागं बायको, तिच्या कडेवर आठ-दहा महिन्यांचं मूल टॉवेलात गुंडाळलेलं. छत्री एकच होती आणि ती मुलावर धरली होती. पायरीशी आला, थांबला, उजवा हात पुढं केला आणि हसून म्हणाला, "यीशु सहाय."

मी पुस्तकं सावरत होते. माझ्या आधी आजोबा पुढं झाले. त्यांनी खिशात हात घातला, वीसची नोट काढली आणि त्या पुढं आलेल्या हातात ठेवली. मायेनं ठेवली, हे मी शपथेवर सांगेन. वर म्हणाले, "बैठो, बैठो, बाद में चाय भी है."

त्यानं नोटेकडं बघितलं. बायकोकडं बघितलं. हसू तसंच ठेवलं, फक्त डोळ्यांतलं गेलं. मग नोटेची नीट चौघडी घडी केली, आत जाऊन शेवटच्या बाकावर बसला, आणि अर्पणाची पिशवी फिरली तेव्हा ती घडी तिच्यात टाकली. मी वळून वळून बघत होते म्हणून मला दिसलं.

उपासनेनंतर चहा-चुरमुऱ्याच्या टेबलाशी पाळकसाहेबांनी त्याची विचारपूस केली. झारखंडचा. खुंटीकडचा मुंडा आदिवासी. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला आहे आणि मच्छेत राहतो. त्यांच्याकडं रांचीला १८४५ साली जर्मन मिशनरी आले होते, त्यांच्या मंडळीतला. आणि "यीशु सहाय" हा त्यांच्याकडचा सलाम. आपण "सलाम" म्हणतो, सकाळच्या भक्तीची कन्नड माणसं "वंदने" म्हणतात, तसं ते "यीशु सहाय" म्हणतात. समोरचाही परत तेच म्हणतो.

आजोबांच्या हातातला चहा तसाच राहिला. "मला वाटलं सहाय मागतोय," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी मात्र ते गेटपर्यंत गेले, हात जोडले आणि रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "येशू सहाय!" मराठी उच्चारात. तो हसला. या खेपेला डोळ्यांतही होतं.

आम्ही स्वतःला पाहुणचारात मागं समजत नाही. हंगामाच्या सणाला भाजी, तांदूळ, कोंबड्या यांचा लिलाव करून गरजूंना पैसे देतो, नाताळात कॅरलवाल्या पोरांना प्रत्येक घरी काहीबाही खायला मिळतं, २०१९ च्या ऑगस्टात पुराने भिंती पडल्या तेव्हा आमच्या हॉलमध्ये तीन कुटुंबं राहिली. द्यायला आम्हाला आवडतं. पण समोर नवा चेहरा दिसला की तो घ्यायलाच आलाय, हे आमच्या हातानं आमच्या आधी ठरवलेलं असतं. दोष एकट्या आजोबांचा नाही. तो हात पुढं आला तेव्हा माझ्याही मनात आधी पर्सच आली होती. मी फक्त सावकाश होते.

२०२० च्या मार्चअखेरीस सगळं बंद झालं. उपासना फोनवर आली. तरुण संघाच्या मुलांनी परवानगीचे पास काढले आणि ठरलं की कोगनोळी नाक्यावर अन्न न्यायचं. निपाणीच्या पुढं, हमरस्त्यावर, दोन राज्यांच्या मधला हा नाका. तिथं माणसं अडकली होती, बातम्यांत रोज दिसत होती. बायकांनी आपापल्या घरी चपात्या लाटायच्या, मुलांनी गाडीतून गोळा करायच्या. लसणीची चटणी सोबत. मी पहाटे चारला उठून पीठ मळायची. एकानं पाकिटांवर लावायला मंडळीच्या नावाचे स्टिकर छापून आणले होते. पाळकसाहेबांनी ते बघितले आणि टेबलाच्या खणात टाकले. अजून तिथंच आहेत.

तिसऱ्या दिवशी त्या मुंड्याचा फोन आला. मला. माझा नंबर त्याच्या बायकोकडं होता, मुलाच्या लसीच्या वेळी दिलेला. अगदी संकोचून बोलत होता. "आक्का, आप लोग बहुत दूर जा रहे हैं. इधर शेड के पीछे चालीस लोग हैं."

निपाणी आमच्यापासून पंचाहत्तर किलोमीटर. मच्छे दहाच्या आत. फाउंड्र्या बंद, ठेकेदाराचा फोन बंद, आणि पत्र्याच्या खोल्यांत झारखंडची, ओडिशाची, बिहारची पोरं दोन दिवसांवर आलेल्या तांदळाकडं बघत बसलेली. हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या डोळ्यांपुढं "सीमा" म्हणजे नाका. तिथं पोलीस, तिथं कॅमेरे, तिथं अन्याय. आम्ही सीमाभागातली माणसं, आमचं लक्ष कायम त्या रेषेवर. रेषेच्या कितीतरी अलीकडं, आमच्याच बाकावर दर रविवारी बसणाऱ्या माणसाच्या खोलीत काय शिजतंय, हे कुणी विचारलं नव्हतं.

गाडी मच्छेला वळली. दोन दिवस चपात्या गेल्या. मग पुन्हा फोन. "आक्का, बुरा मत मानिए. रोटी से पेट नहीं भरता. भात मिलेगा?"

आमच्या महिला मंडळातल्या एका मामींना याचा भलता राग आला. एवढ्या उन्हाळ्यात आम्ही चुलीपाशी मरतोय आणि यांना निवडायला पाहिजे! मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण दुपारी जेवायला बसले, पुढ्यात आमटी-भात होता, आणि सासूबाई म्हणाल्या, "चार दिवस मला नुसत्या चपात्या घाल, बघू किती जेवते मी." बेळगावचा माणूस भातावर जगतो. हे आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही शिजवणं बंद केलं. तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, बटाटे असं पोत्यानं दिलं आणि शेडमागं त्यांनी तीन दगडांवर स्वतःच शिजवलं. तोच हिशेब ठेवायचा. वहीत दर माणसामागं किती शेर, ते लिहून दाखवायचा. एकदा तीन किलो उरले तर परत पाठवले.

हे सगळं चांगलं चांगलं झालं. आता जे झालं नाही ते.

२०२१ च्या डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन इथं, सुवर्ण विधानसौधमध्ये चालू होतं आणि धर्मांतराविरुद्धचं विधेयक येणार होतं. २३ डिसेंबरला ते विधानसभेत मंजूर झालं. नाताळाला दोन दिवस. तो महिना आमच्याकडं कसा गेला ते बाहेरच्याला सांगून समजणार नाही. घरोघरच्या संध्याकाळच्या प्रार्थना आम्ही बंद ठेवल्या. कॅरल पार्टी फक्त मंडळीच्या घरी, तीही आठच्या आत. पाळकसाहेबांनी सांगितलं, नव्या माणसाचं नाव-पत्ता वहीत लिहून घेऊ नका, स्वतःहून बोलला तर बोला. दाराशी उभं राहणाऱ्यांनी जरा बघत चला. "बघत चला" म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आगमनाचा, म्हणजे नाताळाआधीचा, शेवटचा रविवार. पाळी माझी. पहिलं गीत सुरू झाल्यावर एक मुलगा गेटमधून आत आला. पंचवीसचा असेल. हातात हेल्मेट, पाठीला सॅक, दुसऱ्या हातात मोबाइल. पायरीच्या खाली उभा राहिला. मी बघितलं, त्यानंही माझ्याकडं बघितलं. माझ्या काखेत सहा पुस्तकं होती. मला एवढंच दिसत होतं की त्याचा मोबाइल उभा धरलेला आहे. शूटिंग करतोय काय? कुणी पाठवलाय काय? मी "सलाम" म्हटलं नाही. आजोबांनीही, आयुष्यात पहिल्यांदा असेल, मूळचे कुठले म्हणून विचारलं नाही. आम्ही दोघं दारात नुसते उभे होतो, दार अडवल्यासारखे. खरं तर अडवूनच.

दुसरं गीत संपेपर्यंत तो थांबला. मग मान जराशी लववली, हेल्मेट घातलं आणि गेला.

तो पुन्हा आला नाही. कोण होता कळलं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये बदलून आलेला कुणी असेल, कुरिअरवाला असेल, खरंच व्हिडिओ काढायला आलेला असेल. उपासनेनंतर मी गेटपाशी ये-जा करत दोनदा रस्ता बघितला. तो कायदा पुढं २०२२ ला लागू झाला, २०२३ च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचं ठरवलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला अजून त्या सहा पुस्तकांचं वजन आठवतं. आज्जीला जो प्रश्न नको होता तो आजोबांनी त्या दिवशी विचारला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटावं, याची गंमत वाटते. म्हणजे प्रश्नाचं तसं काही नसतं. विचारणारा दार उघडून विचारतो की लावून, एवढंच.

भाषेचं सांगायचं राहिलं.

आमच्या इमारतीत साडेआठला कन्नड भक्ती असते, साडेदहाला मराठी. मधल्या अर्ध्या तासात अंगणात दोन्हीकडची माणसं मिसळतात. "ऊटा आतेन्री?" म्हटलं की "अजून कुठलं वो, घरी जाऊन करायचं" असं उत्तर येतं, आणि यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटत नाही. बाहेर पाट्यांवरून गावात ताण असतो त्या आठवड्यातही हे असंच चालतं. वेदीच्या डाव्या बाजूला गीतांच्या क्रमांकांची लाकडी पाटी आहे. खाचांत आकड्यांच्या फळ्या सरकवायच्या. त्या फळ्या माझ्या वडिलांनी केलेल्या. ते फाउंड्रीत पॅटर्न मेकर होते, ओतकामासाठी लाकडी नमुने करायचे, सागवानाचे तुकडे उरले की घरी आणायचे. आधी त्यांनी मराठी आकडे रंगवले. कन्नड मंडळी म्हणाली आम्हालाही आमचे हवेत. मग दोन खोके झाले, आणि दर रविवारी अर्ध्या तासाच्या गडबडीत एकाच्या फळ्या दुसऱ्याच्या खोक्यात जायच्या. शेवटी वैतागून वडिलांनी मराठी फळ्या उलट्या केल्या आणि पाठीवर इंग्रजी आकडे काढले. कुणाचेच नव्हेत, म्हणून दोघांना चालले. पाटीवरच्या प्रत्येक आकड्याच्या पाठीशी अजून मराठी आकडा आहे. नऊची एक फळी मात्र कधीतरी हरवली. तेव्हापासून सहाची फळी उलटी लावून नऊ करतात. खूण म्हणून त्या फळीच्या एका कडेला पेन्सिलीचा ठिपका आहे. ठिपका वर आला की नऊ.

२०२३ साली पंचांच्या बैठकीत विषय निघाला. नर्सिंगला आलेल्या ईशान्येकडच्या मुली येतात, फाउंड्रीवाली कुटुंबं आता पाच झाली, तर मराठी उपासनेत थोडं हिंदी घ्यावं. निदान शास्त्रवाचन. सगळ्यात मोठ्यानं "नको" मी म्हटलं. कुणावर कशाला ढकलू, मीच. मी म्हटलं, माझ्या शाळेचा पट माझ्या डोळ्यांदेखत उतरला. कचेरीत अर्ज कन्नडमध्ये, दुकानाची पाटी कन्नडमध्ये, नातवंडं इंग्रजीत. आठवड्यातला हा दीड तास तेवढा कुणाची परवानगी न घेता मराठी आहे. तोही वाटायचा? बायकांनी माना डोलावल्या. ठराव बारगळला.

मे महिन्यात मणिपुरात जे पेटलं त्यानंतरच्या रविवारी त्या मुलींपैकी एक एकटीच आली. चुडाचांदपूरकडची होती. शेवटून दुसऱ्या बाकावर बसली. फोन मांडीवर, पडदा वर करून. त्या दिवशी आमच्याकडं सगळी भजनं. ना. वा. टिळकांची, पेटी-तबल्यावर, अभंगाच्या चालीची. टिळकांनी इंग्रजी चालींतून मराठी भक्ती सोडवली म्हणून मी वर्गात मुलांना अभिमानानं सांगत असे, आणि खोटं नाही ते. पण त्या दिवशी मी बघत होते, त्या मुलीला टाळी कुठं द्यायची तेही कळत नव्हतं. दीड तास ती ओठ मिटून बसली होती. माझ्या त्या दीड तासात.

शेवटी पाळकसाहेबांनी, ठरलेलं नसताना, एक जुनं गीत सांगितलं. मिशनऱ्यांच्या काळचं, शब्द मराठी आणि चाल विलायती. मला त्या गीताचं मराठी कधीच आवडलं नाही, ओढूनताणून बसवलेलं आहे. दुसऱ्या ओळीला त्या मुलीचा आवाज आला. तिच्या भाषेत. खालचा सूर धरून, आम्हाला कुणालाच न जमणारा. तिसऱ्या कडव्याला तो थांबला आणि मग तिचे खांदे हलायला लागले. चपात्यांवरून रागावलेल्या मामी उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांना हिंदीही धड येत नाही. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "जेवलीस काय?" आणि तिला घेऊन रिक्षात बसल्या.

पुढच्या बैठकीत मी विषय परत काढला. भजनं जाणार नाहीत, पण दर रविवारी एक चाल तरी अशी असेल की नव्या माणसाला धरता येईल. आणि महिन्यातून एकदा शास्त्रवाचन हिंदीत. ते कोण करणार, विचारलं तर आजोबा म्हणाले, "येशू सहाय करील की." ते त्या मुंड्याला याच नावानं हाक मारतात. त्याचं खरं नाव त्यांच्या लक्षात राहत नाही.

टॉवेलात गुंडाळून आणलेलं ते मूल आता आठ वर्षांचं आहे. कन्नड शाळेत जातं, आमच्या संडे स्कूलला येतं, बेळगावी मराठी फर्डं बोलतं. फळ्या लावायचं काम त्यानं हट्टानं मागून घेतलंय. गेल्या ऑगस्टात धो धो पावसाचा एक रविवार होता, चर्च अर्धं रिकामं. त्यानं स्टुलावर चढून आकडे लावले. पाळकसाहेबांनी क्रमांक सांगितला, पण पत्र्यावरच्या पावसात कुणाला ऐकू आला? पेटीवाल्यांनी पाटीकडं बघून सुरू केलं, आणि भर श्रावणात सगळी मंडळी नाताळाचं गीत गाऊ लागली. पाळकसाहेबांनी एकदा पाटीकडं बघितलं, मग तेही गायला लागले.

उपासना संपल्यावर आजोबा काठी टेकत पाटीकडं गेले. मी छत्र्या वाटत होते, तिथून ऐकू येत होतं.

"नऊला सहा लावलास. ठिपका कुठं आहे बघ. ठिपका वर पाहिजे."

पोरानं फळी काढली, फिरवली, उलटी केली. पाठीवरचा आकडा त्याला पहिल्यांदाच दिसला असावा. "हे काय आहे वो?"

"सहा. मराठी सहा."

"आमच्या शाळेत आरु म्हणतात."

"ते कन्नड झालं." आजोबा स्टुलावर बसले. दम लागला होता. मग म्हणाले, "तुझ्या घरी काय म्हणतात सहाला?"

"तुरुई."

"तु-रु-ई." आजोबांनी दोनदा म्हणून बघितलं. "आणि नऊला?"

"आरे."

"अरे काय अरे? नऊला काय म्हणतात ते विचारतोय."

"आरेच की वो!"